लेफ्ट टॅकलची रिकामी जागा: शेजारचा खेळाडू सरकवणे हा उपाय आहे का?

कृष्णाकाठ

९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे झालेल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्यात, फिलाडेल्फिया ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सचा ४०-२२ असा पराभव केला. मध्यंतराला ईगल्स २४-० असे पुढे होते. मला त्या सामन्यातील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती ही की, ईगल्सने एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे नेहमीच्या चौघांखेरीज जादा माणूस क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्या खेळाडूवर) धाडला नाही, आणि तरीही चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला सहा वेळा सॅक केले, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडले. पाच जणांच्या फळीला चार जण भारी पडले आणि उरलेले सात जण पासच्या वाटा अडवायला मोकळे राहिले.

अमेरिकन फुटबॉल नियमित न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल असतात. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या बाजूला असल्यामुळे लेफ्ट टॅकलची जागा जोखमीची मानली जाते. चीफ्सकडे २०२४ च्या हंगामात ही जागा जवळजवळ सतत डळमळीत होती. ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) दुसऱ्या फेरीत ६३ व्या क्रमांकावर निवडलेला किंग्सली सुआमाताइया नवखा असताना पहिल्याच सामन्यापासून तेथे उभा केला गेला आणि दुसऱ्या सामन्यात सिनसिनाटीविरुद्ध त्याला बाहेर बसवावे लागले. मग वान्या मॉरिस आला, नोव्हेंबरमध्ये डी. जे. हम्फ्रीजशी करार झाला आणि त्याच्याही मांडीचा स्नायू दुखावला. अखेर डिसेंबरमध्ये संघाचा सर्वोत्तम गार्ड जो थूनी याला डावीकडे टॅकलला सरकवले आणि त्याच्या गार्डच्या जागी ड्राफ्टमध्ये निवडच न झालेला माइक कॅलिएंडो आला.

माझा आक्षेप या शेवटच्या निर्णयाला आहे. फळीतील एक जागा रिकामी असताना शेजारच्या पक्क्या जागेवरचा माणूस उचलून तेथे लावला, तर रिकामी जागा भरल्याचे समाधान मिळते, पण प्रत्यक्षात एकाऐवजी दोन जागा कच्च्या होतात. सुपर बोलच्या दुसऱ्या क्वार्टरमधील एकच प्रसंग पाहावा. जॉश स्वेटने महोम्सला सॅक केले, लगेच पुढच्या डावात (खेळीत) जॅलिक्स हंटने केले, आणि त्यानंतरच्या पासवर कूपर डीजीनने चेंडू पकडून ३८ यार्ड धावत टचडाउन नोंदवला. दोन डावांत मागे रेटल्या गेलेल्या संघाला तिसऱ्यांदा पास टाकणे भागच असते, हे समोरच्या बचावाला ठाऊक होते.

याउलट ईगल्सकडे जेसन केल्सी मार्च २०२४ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याची सेंटरची जागा कोण घेणार, हा प्रश्नच उरला नव्हता. कॅम जर्गन्स याला त्यांनी २०२२ मध्येच दुसऱ्या फेरीत घेतले होते, पहिले वर्ष केल्सीच्या मागे शिकू दिले, दुसऱ्या वर्षी राइट गार्ड म्हणून सामन्यांची सवय लावली आणि तिसऱ्या वर्षी सेंटरला आणले. जागा रिकामी होण्याच्या आधीच ती भरण्याचे काम सुरू झालेले असावे, असे माझे ठाम मत आहे. इतरांचे म्हणणे वाचायला आवडेल.

ह्यूस्टनकर

कृष्णाकाठ, आपली मांडणी मुद्देसूद आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. चीफ्सने थूनीला उचलून टॅकलला नेले ते सर्व मार्ग संपल्यावर. आपणच दिलेला क्रम पाहा: आधी तरुण खेळाडू, मग दुसरा तरुण, मग बाहेरून आणलेला अनुभवी खेळाडू, आणि तोही जायबंदी. डिसेंबरात बाजारात काय शिल्लक असते? ज्याला कोणत्याही संघाने घेतलेले नाही, असा टॅकल. त्याच्यापेक्षा ज्याने नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून महाविद्यालयात शेवटच्या वर्षी लेफ्ट टॅकल खेळले होते, तो थूनी कितीतरी पटींनी भरवशाचा होता.

शिवाय थूनीला हलवल्यानंतरच्या प्लेऑफमध्ये चीफ्सने ह्यूस्टनला २३-१४ आणि बफेलोला ३२-२९ असे हरवले. त्याच फळीने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले, हे विसरून केवळ अंतिम सामन्यावरून निर्णय चुकीचा ठरवणे अन्यायाचे आहे. त्या दिवशी ईगल्सचे चौघे इतके उत्तम खेळले की, कोणतीही फळी त्यांच्यापुढे टिकली असती का, याची मला शंका आहे.

आणि जर्गन्सचे उदाहरण येथे लागू पडत नाही. सेंटर दुसऱ्या फेरीत मिळतो. चीफ्सचा क्रीड हम्फ्रीही २०२१ मध्ये ६३ व्या क्रमांकावरच मिळाला. लांब हात, मोठा देह आणि तरीही पायांची चपळाई असलेले टॅकल मात्र पहिल्या दहा-पंधरा निवडींतच संपतात, आणि दरवर्षी जिंकणाऱ्या संघाची पाळी येते शेवटी. ज्याची पाळी तिसाव्या क्रमांकानंतर येते, त्याने दोन वर्षे आधी कोणाला घडवायचे?

रानवारा

ह्यूस्टनकर, डिसेंबरपुरते तुमचे म्हणणे मान्य करता येईल, पण डिसेंबरची वेळ कोणी आणली? जागा रिकामी झाली ती मार्च २०२३ मध्ये, जेव्हा ऑर्लँडो ब्राउनला जाऊ दिले आणि तो ४ वर्षांच्या करारावर सिनसिनाटीला गेला. त्याच सुमारास जवान टेलरला ४ वर्षांसाठी ८ कोटी डॉलर देऊन आणले. तो डावीकडे खेळेल अशी सुरुवातीला चर्चा होती, पण नंतर डॉनोव्हन स्मिथला एका वर्षासाठी घेतले आणि टेलर उजवीकडेच राहिला. त्या वर्षी स्मिथसह विजेतेपद मिळाले, म्हणून कोणाला प्रश्न पडला नाही. एका वर्षाच्या कराराने मिळालेली सवड वाया गेली आणि पुढच्या हंगामात तीच जागा थेट नवख्याच्या गळ्यात पडली.

तेव्हा तात्पुरता अनुभवी खेळाडू आणण्यात काही गैर नाही. मात्र त्याच्या मागे त्याच वर्षी शिकणारा कोणीतरी हवा. मॉरिस २०२३ मध्ये तिसऱ्या फेरीत आला होता, पण २०२४ च्या सुरुवातीला विश्वास टाकला गेला तो त्याच्याहून एक वर्षाने नवख्या असलेल्या सुआमाताइयावर.

तिसरा_डाव

मूळ धाग्यातील एका विधानाला माझा तांत्रिक विरोध आहे. खेळाडूची जागा बदलणे हे स्वतःमध्ये वाईट नाही. टॅम्पा बेने २०२३ मध्ये डॉनोव्हन स्मिथला मोकळे केल्यावर राइट टॅकलला सर्वोत्तम ठरलेल्या ट्रिस्टन वर्फ्सला डावीकडे नेले आणि ल्यूक गेडकीला गार्डवरून राइट टॅकलला बसवले. म्हणजे एक जागा भरताना दोन माणसे हलली, आणि तरीही ते पाऊल यशस्वी ठरले. गेडकी महाविद्यालयात राइट टॅकलच खेळलेला होता आणि वर्फ्सला मार्चपासून सप्टेंबरपर्यंतचा पूर्ण काळ मिळाला.

हा काळ का लागतो, हे मैदानावर जवळून पाहिल्यास कळते. टॅकल पास अडवताना बाहेरचे पाऊल मागे आणि तिरके टाकत सरकतो, त्याच्या समोरचा एंड (बचावफळीच्या कडेचा खेळाडू) पाच-सहा पावलांची धाव घेऊन आलेला असतो आणि बाहेरून वळेल की छातीवर आदळेल, हे शेवटच्या क्षणापर्यंत समजत नाही. गार्डला दोन्ही बाजूंना शेजारी असतात, समोरचा खेळाडू हाताच्या अंतरावर असतो, टक्कर तत्काळ होते आणि पाऊल लहान ठेवावे लागते. अनेक वर्षे लहान पाऊल टाकण्याची सवय झालेल्या माणसाने आठवडाभराच्या सरावाने लांब पाऊल टाकायला लागावे, ही अपेक्षा फार मोठी आहे. त्यातच लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील सध्याच्या करारानुसार हंगामात पूर्ण पॅड घालून करण्याचे सराव केवळ १४ असतात. प्रत्यक्ष धडक न घेता ही सवय मुरत नाही.

म्हणून माझे मत असे की, मार्चमध्ये जागा बदलणे ही योजना असते आणि डिसेंबरमध्ये बदलणे ही नाइलाजाची गोष्ट असते. कृष्णाकाठ यांनी दोन्हींना एकाच मापाने मोजले आहे.

कृष्णाकाठ

तिसरा_डाव, वर्फ्सचे उदाहरण रास्त आहे. माझ्या विधानाला हंगामाच्या मध्यात ही मर्यादा घालायला माझी हरकत नाही. पण मग चीफ्सविषयीचे माझे म्हणणे अधिकच बळकट होते. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये हाच संघ टॅम्पा बेकडून ३१-९ असा हरला तेव्हाही हेच घडले होते. लेफ्ट टॅकल एरिक फिशर आधीच्या सामन्यात टाचेच्या वरचा स्नायुबंध तुटून बाहेर गेला, उजवीकडे खेळणारा माइक रेमर्स डावीकडे गेला आणि गार्ड अँड्र्यू वायली राइट टॅकलला सरकला. महोम्स त्या रात्री स्वतःच्या फळीमागे सतत पळत होता.

त्यानंतर संघाने जे केले ते पाहण्यासारखे आहे. एकाच उन्हाळ्यात बाल्टिमोरकडून ब्राउनला घेतले, थूनीला ५ वर्षांसाठी ८ कोटी डॉलर दिले, हम्फ्रीला दुसऱ्या आणि ट्रे स्मिथला सहाव्या फेरीत निवडले. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, नियमित हंगामात ७० सॅक नोंदवलेल्या ईगल्ससमोर या फळीने एकही सॅक होऊ दिला नाही आणि चीफ्स ३८-३५ असे जिंकले. ज्या संघाने हा धडा इतक्या चांगल्या रीतीने गिरवला होता, त्याच संघाला चार वर्षांत पुन्हा गार्ड उचलून टॅकलला लावावा लागला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माळरान

चर्चा लेफ्ट टॅकलभोवती फिरते आहे, पण मला सहाव्या आणि सातव्या माणसाविषयी, म्हणजे बदली खेळाडूंविषयी, बोलायचे आहे. सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो याला फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये सात वेळा सॅक केले गेले. त्यानंतर त्या संघाने अ‍ॅलेक्स कॅपा, टेड कॅरस आणि लएल कॉलिन्स असे तीन अनुभवी खेळाडू विकत घेतले. हंगामाच्या शेवटी कॉलिन्स आणि कॅपा जायबंदी झाले, प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात लेफ्ट टॅकल जोना विल्यम्सही गेला. बफेलोच्या बर्फात तीन बदली खेळाडू घेऊन हा संघ २७-१० असा जिंकला, कारण चेंडू घेऊन धावण्यावर भर दिला आणि पास झटपट सोडले. पुढच्याच आठवड्यात कॅन्सस सिटीत मात्र तीच फळी उघडी पडली, बरोला पाच वेळा सॅक केले गेले आणि सामना २०-२३ असा गेला.

त्यामुळे पाच जागांवर कोणाला आणता, यापेक्षा बाकावर कोण बसला आहे आणि त्याच्यासाठी खेळाची आखणी किती बदलायची तयारी आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. ईगल्सची खरी ताकद जर्गन्सपेक्षा लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांच्या शिकवण्यात होती. न्यूयॉर्क जेट्सने २०२० मध्ये ११ व्या क्रमांकावर टॅकल म्हणून घेतलेला आणि दुखापतींमुळे मागे पडलेला मेकाय बेक्टन त्यांच्या हाताखाली गार्ड झाला. ऑस्ट्रेलियात रग्बी खेळणारा जॉर्डन मैलाटा सातव्या फेरीत येऊन त्यांच्याकडेच लेफ्ट टॅकल झाला. फुटबॉलचा एकही सामना न खेळलेल्या माणसाला घडवणारा शिक्षक असेल, तर ‘टॅकल पहिल्या पंधरांतच संपतात’ हे ह्यूस्टनकर यांचे गणित तितकेसे पक्के राहत नाही.

ह्यूस्टनकर

माळरान, मैलाटा हा अपवाद आहे, आणि अपवादावर संघ उभा करता येत नाही. त्याला २०१८ मध्ये निवडले आणि तो नियमित खेळू लागला २०२० मध्ये. त्या दोन वर्षांत ईगल्सकडे जेसन पीटर्ससारखा लेफ्ट टॅकल होता, म्हणून त्यांना थांबता आले. केल्सीनेही निवृत्तीचा विचार पुढे ढकलला, म्हणून जर्गन्सला दोन वर्षे मिळाली. आपण सर्वजण ज्याला दूरदृष्टी म्हणत आहोत, त्यात नशिबाचा भाग मोठा आहे.

रानवारा

नशिबाची वाट न पाहता काय करता येते, हे चीफ्सनेच २०२५ च्या उन्हाळ्यात दाखवले आहे. सॅन फ्रान्सिस्कोत लेफ्ट टॅकल ट्रेंट विल्यम्सच्या मागे बदली म्हणून राहिलेल्या जेलॉन मूरला त्यांनी २ वर्षांसाठी ३ कोटी डॉलर दिले आणि पुढे ३२ व्या क्रमांकावर ओहायो स्टेटचा जॉश सिमन्स निवडला. गुडघ्याला गंभीर दुखापत झाली नसती तर तो इतक्या खाली मिळाला नसता, म्हणजे शेवटी पाळी येणाऱ्या संघालाही धोका पत्करून टॅकल मिळतो. ऑक्टोबरमध्ये सिमन्स वैयक्तिक कारणामुळे काही सामन्यांना नव्हता, तेव्हा मूर डावीकडे उभा राहिला आणि गार्ड आपल्या जागेवर राहिला.

ह्यूस्टनकर

परंतु त्यासाठी थूनी शिकागोला गेला, तोही केवळ २०२६ च्या चौथ्या फेरीतील निवडीच्या बदल्यात, आणि मूरला वर्षाला दीड कोटी डॉलर मिळाले. थूनीचा जुना करार सरासरीने वर्षाला १ कोटी ६० लाखांचा होता. बदली टॅकलसाठी सर्वोत्तम गार्डइतके पैसे मोजणे मला अजूनही परवडणारे वाटत नाही. त्या वर्षी संघ प्लेऑफपर्यंत पोहोचलाही नाही.

कृष्णाकाठ

प्लेऑफ हुकण्याची कारणे फळीपलीकडची होती, तेव्हा त्याचा भार या निर्णयावर टाकणे योग्य नाही. थूनीला इतक्या स्वस्तात जाऊ दिले, याबद्दल मात्र माझीही तुमच्याइतकीच नाराजी आहे. त्याने सोडलेल्या लेफ्ट गार्डच्या जागी २०२५ मध्ये सुआमाताइया आला, जो वर्षभरापूर्वी टॅकल म्हणून दुसऱ्याच सामन्यात बाहेर बसवला गेला होता. ही जागा त्याला उन्हाळ्यापासून दिली, शिबिरात तिचाच सराव करून घेतला आणि तो तेथे टिकला. २०२४ च्या सप्टेंबरमध्येही त्याच्यापुढे एखादा अनुभवी टॅकल ठेवून त्याला मागे शिकू दिले असते, तर थूनीला गार्डची जागा सोडावी लागली नसती, असे मला आजही वाटते.