टेकऑफनंतर इंजिन गेलं: 400 फुटांवर हात घालायचा की थांबायचं?

खालचा_वारा: व्ही-1 (ज्या वेगानंतर टेकऑफ सोडता येत नाही) नंतर इंजिन गेलं तर गिअर (चाकं) वर घेण्यापलीकडे 400 फुटांपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हा आकडाच घाई शिकवतो. सगळे त्याची वाट बघत बसतात आणि तो आला की इंजिनाची शक्ती ठरवणाऱ्या लिव्हरवर झडप! आग नसेल तर 1,000 फुटांपर्यंत नुसतं विमान उडवा. रडरने नाक सरळ, वेग व्ही-2 (एका इंजिनावर सुरक्षित चढण्याचा वेग) च्या आसपास, ट्रिम (म्हणजे रडरवरचा पायाचा जोर कमी होतो), मग ऑटोपायलट. एअरबस ए320 वर तो 100 फुटांपासून मिळतो. बंद पडलेलं इंजिन कुठे पळून जात नाही.

मास्टर_कॉशन: 400 म्हणजे 'त्याआधी नको', 'लगेच करा' नव्हे. आणि नुसत्या उंचीने काय साधतं? 2015 ची तैपेईची ट्रान्सएशिया 235 ची दुर्घटना घ्या, एटीआर 72 हे पंख्याचं विमान. उजव्या इंजिनाचा पंखा फेदर झाला (पाती वाऱ्याला समांतर, म्हणजे जोर गेला) तेव्हा विमान 1,200 फुटांच्या आसपास, म्हणजे तुमच्या आकड्याच्याही वर. तरी शेजारचा वैमानिक आधी ताडून बघू म्हणत असताना कॅप्टनने डाव्या, चालू इंजिनाचा लिव्हर मागे ओढला आणि पुढे तेच बंद केलं. 43 जण गेले. तिथे चुकली ती खात्री. एकाने लिव्हरवर हात ठेवून क्रमांक उच्चारायचा, दुसऱ्याने एन-1 (इंजिनाचा फिरण्याचा वेग), ईजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान), फ्युएल फ्लो (इंधनाचा प्रवाह) बघून होकार द्यायचा, मगच हात हलवायचा. इंजिन बंद करणाऱ्या मास्टर स्विचला पुन्हा तेच.

खालचा_वारा: होकार देणाऱ्याचं डोकं मोकळं हवं ना? म्हणूनच ऑटोपायलट आधी.

दुसरा_सेगमेंट: गणित करा. दोन इंजिनांच्या विमानाला एका इंजिनावर, गिअर वर असताना, किमान 2.4 टक्के चढण लागते. 150 नॉट्सला ती मिनिटाला जेमतेम 365 फूट. जड विमान, गरम दिवस, तर 400 वरून 1,000 ला जायला 100 सेकंद. ईजीटी लाल रेषेपार आणि सर्जचे (इंजिनातली हवा उलटी फिरण्याचे) धडाके चालू असतील तर एवढा वेळ लिव्हर पुढे ठेवून बसणार? ए320 वर आगीचा क्रम असा: लिव्हर आयडल, मास्टर ऑफ, फायर बटण, 10 सेकंदांनी आग विझवणारी पहिली बाटली, 30 सेकंदांनंतरही आग दिसली तर दुसरी. म्हणजे क्रमालाच पाऊण मिनिट.

खालचा_वारा: आग मी आधीच वगळली. सर्जही मान्य. पण निव्वळ फ्लेमआउटला (इंजिनातली ज्योत विझली तर) 100 सेकंदांनी काय बिघडतं?

मास्टर_कॉशन: जेटमध्ये फारसं नाही. टर्बोप्रॉपमध्ये (पंख्याच्या विमानात) ऑटोफेदर, म्हणजे आपोआप होणारं फेदर, चाललं नाही तर फिरत्या पंख्याच्या ड्रॅगने चढणच संपते. तिथे तुमचे 1,000 फूट येणारच नाहीत.