मदत हवी आहे : ‘स्किडॅडल’ हे क्रियापद इथे चालेल का?

नमस्कार मंडळी. पंचवटीत नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. एका मुलीने निबंधात गोदाघाटावरच्या बाजाराचं वर्णन केलंय : अतिक्रमणाची गाडी दिसताच भाजीवाल्या मेथीच्या जुड्या गोणपाटात गुंडाळून ‘स्किडॅडल’ झाल्या. वाक्य इतकं जिवंत आहे की खोडायला हात धजत नाही.

अर्थ माहीत आहे, घाईघाईने पळ काढणे. अमेरिकन यादवी युद्धात, १८६१ च्या सुमारास, रणांगणातून पळणाऱ्या सैनिकांबद्दल तो रुळला. व्युत्पत्तीबाबत अजून एकमत नाही. पण त्यात थट्टेचा सूर आहे, आणि तोच मला खटकतोय. हातावर पोट असलेल्या बायकांना हा शब्द लावावा का? आपल्याकडे ‘पोबारा केला’ म्हटलं की चोर डोळ्यांसमोर येतो, ‘धूम ठोकली’ म्हटलं की पोरं. इंग्रजीत नेमकी कुठली छटा?

अमेरिकेत राहिलेल्या कुणी सांगाल का, तिथे मोठ्या माणसांबद्दल हा शब्द सहज वापरतात, की मुलांना ‘पळा आता’ म्हणतानाच? आणि बोर्डाचे पेपर तपासणाऱ्यांनी कृपया सांगा, असा बोलीतला शब्द निबंधात दिसला तर गुण कापता का? वही शुक्रवारी परत द्यायची आहे.