मदत हवी आहे: वनस्पतीपेशीचं त्रिमितीय मॉडेल

मुलीला शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी वनस्पतीपेशीचं त्रिमितीय मॉडेल करायचं आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याची पेशीभित्तिका, आतून कार्डपेपरचं प्रद्रव्यपटल, तळाला थर्माकोल, इथपर्यंत ठरलंय. क्लेचं केंद्रक आणि हरितलवकंही तिने सुरेख केली आहेत. एक तंतुकणिका तर मधोमध कापून आतल्या पटलाच्या घड्या दाखवल्यात.

अडलंय ते रिक्तिकेपाशी, म्हणजे पेशीतल्या द्रवाने भरलेल्या पिशवीपाशी. पूर्ण वाढलेल्या वनस्पतीपेशीत ती ८० ते ९० टक्के जागा व्यापू शकते, केंद्रक कडेला सरकतं. बहुतेक मॉडेलांत ती एवढीशीच दाखवतात, ते मला पटत नाही. पण खरंच मोठी केली तर मागचं सगळं झाकलं जातं. पारदर्शक आणि हलकं असं काय वापरता येईल? पाण्याचा फुगा फुटेल अशी भीती वाटते.

दुसरं म्हणजे आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे पेशीतलं घड्या असलेल्या पटलांचं जाळं. ती केंद्रकाच्या पटलाला जोडलेली दाखवायची आहे, पण फोमशीटच्या घड्या उभ्या राहतच नाहीत, उलगडतात. सॉल्व्हंट असलेला गोंद थर्माकोल विरघळवतो, म्हणून तो नको. मग कोणता घ्यावा?

नेताना भाग निखळायला नकोत. करून पाहिलेल्यांनी कृपया सांगा, फोटो असेल तर फारच उत्तम. कापाकापी सोडून बाकी सगळं तिलाच करायचं आहे.