ब्लेड तापलं की कूलिंग स्प्रे मारायचा, ही सवय मोडायला हवी असं माझं मत आहे

पागेतला:
घोडा क्लिप करताना (अंगावरचे केस मशीनने कापताना) ब्लेड तापलं की डबा उचलायचा, स्प्रे मारायचा आणि पुन्हा मशीन अंगाला लावायचं, हे इतक्या ठिकाणी बघतोय की लोकांना आता तोच मेन्टेनन्स वाटायला लागलाय. माझं म्हणणं असं की ब्लेड तापतंय म्हणजे काहीतरी चुकतंय. तेल कमी पडलंय, टेन्शन (दोन ब्लेडं एकमेकांवर दाबणारा ताण) जास्त आवळलंय, दातांत केस आणि कोंडा गच्च बसलाय, नाहीतर क्लिपरचा एअर फिल्टर केसांनी बुजलाय आणि मोटरचीच गरमी पुढे येतेय. स्प्रेने यातलं एकही कारण जात नाही. स्प्रेतलं सॉल्व्हंट उडून जाताना ब्लेडची उष्णता घेऊन जातं म्हणून गार लागतं, पण त्याच झटक्यात दोन ब्लेडांमधलं तेलही धुऊन निघतं, मग पोलादावर पोलाद कोरडं घासतं आणि थोड्याच वेळात परत तापतं, की परत स्प्रे.

मी दर पाच ते दहा मिनिटांनी थांबतो. आधी ब्रशने दातांतले केस काढतो, मग मशीन चालू ठेवून तोंड खाली करून (तेल मोटरकडे जाऊ नये म्हणून) दातांवर दोन-चार थेंब, वरचं ब्लेड खालच्यावर सरकतं तिथे दोन्ही कडांना एकेक आणि मागच्या बाजूला एक. काही सेकंद चालू द्यायचं, जास्तीचं कपड्याने टिपायचं. तेल क्लिपरचंच हवं, पातळ. इंजिन ऑइलला केस चिकटून लगदा होतो आणि स्वयंपाकाचं तेल पडून राहिलं की चिकट होऊन ब्लेडं एकमेकांना धरून बसतात. मग ब्लेड मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. आपल्याला चटका बसत असेल तर घोड्याच्या कुशीला आणि कोपरामागे बसणारच, तिथली कातडी पातळ असते. बोलता येत नाही बिचाऱ्याला, शेपूट झटकतो, पाय आपटतो आणि आपण म्हणतो खोडी करतोय.

दाणापाणी:
साफ असहमत. एकापाठोपाठ एक घोडे उभे असतात तेव्हा ब्लेड आपोआप गार व्हायची वाट बघत बसायची सोय नसते. बुजरा घोडा अर्धा क्लिप करून नुसता उभा ठेवला की घाम फोडतो, आणि ओल्या केसात ब्लेड चालतच नाही, ओढतं. म्हातारे घोडे ज्यांना कुशिंगचा आजार (हार्मोनचा बिघाड) असतो त्यांचा कोट, म्हणजे अंगावरचे केस, एवढा लांब आणि दाट येतो की तेल, टेन्शन सगळं बरोबर असून ब्लेड तापतं, कारण कामच तेवढं असतं. अशा वेळी स्प्रे मारायचा, पुसायचं, लगेच तेल घालायचं. लोक तेल घालत नाहीत हा दोष स्प्रेचा कसा?

पागेतला:
@दाणापाणी मग तेल घालणारच असाल तर आधी ते धुवायचं कशाला? अजून दोन गोष्टी. बहुतेक डब्यांवर ज्वालाग्राही असं छापलेलं असतं, आजूबाजूला सुकं गवत आणि मशीन चालू असताना मारणारे लोक मी बघितलेत, मोटरच्या आतल्या ब्रशमध्ये (वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) ठिणगी उडतेच. आणि एकदम गार केलेल्या ब्लेडवर हवेतली ओल धरते. ते तसंच डब्यात गेलं की गंज. त्यापेक्षा ब्लेडांचे दोन-तीन सेट ठेवा, तापलं की काढा, धातूच्या ट्रेवर किंवा गार फरशीवर ठेवा, दुसरं लावा.

दाणापाणी:
मशीन बंद करून, गवतापासून लांब जाऊन मारायचं एवढं मान्य, त्यात वाद नाही. पण प्रत्येकाला तीन सेट परवडत नाहीत, घेतले तर तिघांचीही धार सांभाळायची. मी स्प्रे सोडणार नाही.

धारेवर:
मी ब्लेडांना धार लावायचंच काम करतो, म्हणून थोडं तिसऱ्या बाजूने. माझ्याकडे बोथट म्हणून येतात त्यातली बरीच ब्लेडं बोथट नसतातच. उघडलं की दोन ब्लेडांमध्ये केस आणि तेलाचा काळा थर, पापुद्र्यासारखा निघतो. तो काढून तेल घालून लावलं की कापायला लागतात. पण दोन्ही ब्लेडं जिथे एकमेकांवर टेकतात तो भाग भिंगाखाली धरला की स्प्रे आणि ओल खाल्लेलं ब्लेड कळतं, गंजाचे बारीक खड्डे पडलेले असतात आणि ते काढायला मला जास्त धातू घासावा लागतो, म्हणजे ब्लेडचं आयुष्य कमी. एवढ्यापुरता मी पागेतला यांच्या बाजूचा.

मात्र "तापतंय तर टेन्शन ढिलं करा" हा जो सल्ला सगळीकडे फिरतो तो अर्धाच आहे. फार ढिलं झालं की केस कापला न जाता दोन ब्लेडांच्या मधे शिरतो, थर साचतो, आणि तेही तापतं. टेन्शनसाठी नॉब असलेल्या बऱ्याच मोठ्या मशीनमध्ये नॉब फिरवत पहिला अडथळा लागेपर्यंत जायचं आणि तिथून दीड वळसा मागे, पण मॉडेलप्रमाणे बदलतं, आपलं मॅन्युअल बघा. काम करता करता कापेनासं झालं तर थोडंसंच आवळायचं. आणि खालचं-वरचं ब्लेड जोडी म्हणून घासलेलं असतं, एका सेटचं वरचं दुसऱ्याच्या खालच्यावर लावू नका, दोन्ही बिघडतात. घरी सँडपेपरवर घासणं तर नकोच, त्या पृष्ठभागाला मुद्दाम अगदी किंचित खोलगटपणा दिलेला असतो, तो गेला की संपलं.

रिकिबीत_पाय:
तुम्ही सगळे ब्लेडचं बोलताय, धार घालवतो तो घोड्याच्या अंगावरचा मळ. मातीत बारीक वाळू असते, ती पोलाद खाते. आदल्या दिवशी शाम्पूने आंघोळ, पूर्ण सुकवा, मग क्लिप करा. न धुतलेला घोडा क्लिप करणं मला पटतच नाही.

मोकळी_आयाळ:
@रिकिबीत_पाय कडाक्याच्या थंडीत दाट कोट असलेल्या घोड्याला आंघोळ घालून सुकवायचा कसा ते पण सांगा! मुळापाशी ओल राहतेच, वरून हात फिरवला तर कळत नाही. मी रबरी खराऱ्याने गोल गोल घासून धूळ वर काढते, मग कडक ब्रश, मग व्हॅक्यूम. पाठीच्या वरच्या भागावर आणि शेपटाच्या मुळाशी बोटांनी केस उलटे करून बघायचं, तिथे राखाडी कोंडा सगळ्यात जास्त बसतो. आणि चिखलाचे पाय शेवटी, जुन्या ब्लेडने.

रिकिबीत_पाय:
व्हॅक्यूमने त्वचेवरचं तेलकट मेण निघत नाही ताई, ब्लेडच्या दातांत बसतं ते हेच. थंडी असेल तर गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलने भाग भाग करून पुसा, पण काहीतरी करा.

पशुसेवा:
एक राहिलं. गजकर्ण एका घोड्यावरून दुसऱ्यावर ब्लेडवाटे सहज जातं आणि तेलाने बुरशी मरत नाही. ब्लेड वॉश म्हणजेही जंतुनाशक नव्हे, ते मळ काढायला. घोडा बदलताना केस काढा, जंतुनाशकात लेबलवर लिहिलेला वेळ ठेवा, कोरडं करा, मग तेल. अंगावर गोल चट्टे दिसत असतील तर त्या दिवशी क्लिपिंगच नको. आणि एक दात जरी तुटलेला असला तरी ते ब्लेड वापरू नका, कातडी त्या फटीत जाते.

दाणापाणी:
@धारेवर टेन्शनचा मुद्दा पटला. पण चालू कामात ओळखायचं कसं, धार गेलीये की नुसतं ढिलं किंवा मळलेलं आहे?

धारेवर:
ब्लेड काढा, पुसा, तेल घाला, टेन्शन पहिल्यापासून लावा. मग खांद्यावर, जिथे कातडी सपाट आणि केस स्वच्छ आहेत तिथे केसांच्या उलट दिशेने एक पट्टा सावकाश चालवा. सरळ गेलं तर धार आहे. रेघा राहिल्या, केस चावल्यासारखे तुटले किंवा तोच पट्टा दोनदा चालवावा लागला तर धार गेली, मग टेन्शन आवळत बसू नका, ब्लेड बदला. आवळून चालवलेलं बोथट ब्लेड सगळ्यात जास्त तापतं, आणि त्यावर तुमचा स्प्रेही पुरणार नाही.