वर्दी, बातमी, निरोप: पोलिसांच्या बोलीतले तीन शब्द

प्रश्न : पोलीस दलातल्या ‘औपचारिक आणि अनौपचारिक संप्रेषणा’वर टिपण लिहितोय. हे शब्द जड वाटतात. पोलीस स्वतः काय म्हणतात? आणि ‘वर्दी दिली’ म्हणजे काय? वर्दी म्हणजे गणवेश ना?

उत्तर : गणवेश हा एक अर्थ. मराठीत वर्दी म्हणजे रीतसर कळवणंसुद्धा. बंबवाल्यांना आगीची वर्दी मिळते. आपल्याकडे रिक्षावाले ‘शाळेची वर्दी हाय’ म्हणतात, तीही आधी सांगून ठेवलेली फेरीच. अपघातातला जखमी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात आला की डॉक्टर तिथल्या पोलीस चौकीला वर्दी देतात. कुणी दिली, किती वाजता, हे तिथं लिहिलं जातं आणि ज्या ठाण्याची हद्द, तिकडे कागद जातो. नोंद झाली की तिला वजन आलं.

बातमीचं उलटं. ‘बातमीदारामार्फत बातमी मिळाली’ एवढंच कागदावर येतं, नाव कधीच नाही. गुन्ह्याची माहिती कुणाकडून कळली हे सांगायची सक्ती कायद्यानं पोलिसावर करता येत नाही.

आणि निरोप. माझे वडील हवालदार होते, आम्ही पोलीस लाइनीत राहायचो. रात्री दारात हाक यायची, “हवालदार, सायबांचा निरोप हाय. जोतिबाला बंदोबस्त, पाचला हजर व्हा.” वडील अंधारातच बूट पुसायला बसायचे. ठाण्यातून निघताना डायरीत ‘रवाना’ पडायचं, पण निरोपाची नोंद कुठंच नसायची. एकदा निरोप्या शेजारच्या दारी सांगून गेला आणि वडिलांची कसुरी निघाली, म्हणजे कामावर हजर न झाल्याचा ठपका आला. कसुरी लेखी, निरोप तोंडी. दाखवणार काय? त्या रात्री ते जेवले नाहीत.

म्हणून ‘अनौपचारिक’ हा शब्द मला पटत नाही. त्यातून वाटतं की पाळला नाही तरी चालेल. साहेबाचा निरोप हा हुकूमच असतो, फक्त त्याला जावक क्रमांक नसतो. खरा फरक लेखी आणि तोंडी असाच आहे.

प्रश्न : मग वरिष्ठांना लिहितात तेव्हा?

उत्तर : ‘सविनय सादर’. वर जातं ते सादर होतं, खाली येतो तो आदेश. बरोबरीच्याला मात्र नुसतं “सांग की त्याला.” टिपणात ‘लेखी कळवणे’ आणि ‘तोंडी निरोप’ लिहा, ठाण्यातल्या कुणालाही लगेच कळेल.