कासव, टायर आणि स्लॉट नंबर १४

नीलिमा (बी-३०३): सोसायटीच्या गेटबाहेर आपण टाकाऊ वस्तूंचं जे कासव उभारतोय, त्याच्या पायांसाठी आणलेले चार टायर अजून पार्किंगमध्ये उघड्यावर पडलेत. पावसाचं पाणी साचलंय. आत्ता टॉर्च मारून पाहिलं, अळ्या वळवळतायत. गेल्या वर्षी आमच्या ओवीने डेंगी काढलाय. मला पुन्हा त्यातून जायचं नाही.

सेक्रेटरी: नीलिमाताई, वॉचमनला सांगतो, उपडे करून ठेवेल.

नीलिमा: उपडा केला तरी टायरच्या आतल्या कडेत पाणी राहतंच. आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. आज काय करताय ते सांगा.

देशपांडे काका: टायर १४ नंबरमध्ये आहेत. १४ नंबर माझा. कधी मोकळा होणार?

केतन: सॉरी नीलिमाताई, चूक माझी. संध्याकाळी ड्रिलने चारही टायरना खाली भोकं पाडतो. नंतर आत विटांचा चुरा आणि सिमेंट भरलं की पाणी राहायला जागाच नाही.

कदम (ए-६०१): टायर लावलेलं कासव म्हणजे आपल्या लिफ्टच्या आधी पोचणार 😂

सेक्रेटरी: कदमसाहेब, लिफ्टच्या दुरुस्तीचे तुमचे पैसे जूनपासून बाकी आहेत. आठवण म्हणून.

कदम: हा मेसेज डिलीट केला आहे

पराग (ए-१०१): गच्चीवरची लाल सायकल कोणी उचलली? भंगार नव्हती ती. आमच्या सोहमची पहिली सायकल आहे.

केतन: पराग दादा, गच्ची रिकामी करायची नोटीस महिनाभर लिफ्टमध्ये लावली होती.

पराग: मी पहिल्या मजल्यावर राहतो. लिफ्टचे पैसे भरतो, लिफ्ट वापरत नाही. ग्रुपवर का नाही टाकलंत?

देशपांडे काका: १४ नंबरचं काय झालं?

शिंदे काकू: सायकलचं बघू, पण मला दुसरंच बोलायचंय. काल आपल्या कचऱ्याच्या ताई गेटपाशी नुसत्या उभ्या होत्या. सुक्या कचऱ्याच्या डब्यात वेफर्सची पाकिटं आणि थर्माकोल, बस्स. बाटल्या, पत्र्याचे डबे, पुठ्ठा सगळं दोन महिने मुलांनी कासवासाठी गोळा केलंय. त्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. घरटी मिळणाऱ्या पैशांवर भागत नाही, हे विकूनच त्यांचं घर चालतं. आपण टाकाऊतून टिकाऊ म्हणतोय आणि त्यांच्या तोंडचा घास काढतोय. एकालाही त्यांना विचारावंसं वाटलं नाही. मलासुद्धा नाही.

केतन: काकू, हे खरंच डोक्यात आलं नाही. पण पाठीचं कवच बाटल्यांचंच ठरलंय, मुलांनी रंगवल्यात पण.

शिंदे काकू: रंगवलेल्या राहू देत, बाकीच्या परत द्या. तसंही उन्हात प्लास्टिक दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतं, मग त्याचे तुकडे गटारात. बी-५०२ च्या बाथरूमच्या फुटक्या टाइल्सची सहा पोती कोपऱ्यात आहेत. ती कोणी विकत घेत नाही, न्यायचे उलट पैसे मागतात.

साठे आजोबा: शिंदे वहिनी बरोबर बोलल्या. १९८४ साली मी चंडीगडला नोकरीत होतो तेव्हा रॉक गार्डन नीट पाहिलं. नेक चंद रस्त्यांच्या खात्यात निरीक्षक. १९५७ पासून नोकरी सांभाळून जंगलाच्या जागेत गुपचूप मूर्ती घडवत होते. फुटक्या बांगड्या, कपबशा, टाइल्स, विजेची सॉकेटं. ज्याला बाजारात किंमत नाही ते सगळं. ते आजही उभं आहे. पण परवानगी नव्हती. १९७५ ला सरकारला कळलं तेव्हा पाडायचीच भाषा सुरू झाली. लोक पाठीशी राहिले म्हणून १९७६ मध्ये बाग खुली झाली. आपलं कासव गेटबाहेर फुटपाथवर बसणार. महापालिकेला अर्ज गेलाय का?

सेक्रेटरी: अर्ज तयार आहे. चेअरमनसाहेबांची सही राहिली आहे.

नीलिमा: गणपतीपासून राहिली आहे.

देशपांडे काका: टायर, आणि आता टाइल्सची पोती. सगळं १४ मध्येच येणार का?

पराग: सायकल कुठे आहे ते कोणी सांगेल का?

केतन: दादा, मागचं चाक मानेत वेल्ड झालंय. हँडल, सीट, घंटी माझ्याकडे आहे. सोहमला घेऊन खाली या, तो म्हणेल तसं करू. चाक हवं असेल तर कापून देतो.

पराग: मान राहू द्या. घंटी द्या.

शिंदे काकू: बाटल्यांची पोती उद्या सकाळी ताईंना मी स्वतः देणार. कवच कसं करायचं तेही त्यांना विचारणार. कुठली वस्तू किती टिकते हे आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. केतन, साडेसातला खाली ये.

केतन: येतो काकू. टायरना भोकं पाडली, फोटो टाकलाय.

नीलिमा: फोटोत तीनच आहेत. चौथा?

देशपांडे काका: माझ्या गाडीमागे. १४ मध्ये.

नीलिमा: मी ड्रिलची वायर घेऊन खाली येतेय.