मदत हवी आहे : मोडी कागदातली ‘कसबे परळी’ नेमकी कुठली?

नमस्कार मंडळी,

सध्या एका मोडी कागदाचं लिप्यंतर करतेय. साधा जमाखर्च आहे. वरचा कोपरा फाटलाय, त्यामुळे सन-महिना गेला. ‘कसबे परळी’ दोनदा येतं, त्याखाली भात, नाचणी, वरी यांचे आकडे, किल्ल्यावर पोचवलेल्या गल्ल्याची (धान्याची) एक ओळ, आणि शेवटी ‘मीठ बैल’ लिहून पुढे आकडा. तर्फ, परगणा असा कुठलाच महसुली विभाग लिहिलेला नाही.

परळी म्हटलं की आधी वैजनाथ आठवतं. पण नाचणी-वरी ही डोंगरउताराची पिकं, ज्वारीच्या मुलखातल्या हिशेबात ती इतकी पुढे येणार नाहीत. म्हणून बीडची परळी मी तूर्त बाजूला ठेवलीय. शिवाय तो भाग निजामाकडे, म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये (सरकारी जिल्हावार माहितीच्या ग्रंथांत) नाहीच; तिच्यासाठी इंपीरियल गॅझेटियर किंवा १९६९चं बीड जिल्हा गॅझेटियर बघावं लागेल.

उरतात दोन. एक साताऱ्याजवळची, सज्जनगडाच्या पायथ्याची. दुसरी सुधागड तालुक्यातली, पाली-खोपोली रस्त्यावरची. भात-नाचणी दोन्हीकडे, किल्लेही दोन्हीकडे! साताऱ्याचं बरं आहे, कॅम्बेलने संपादित केलेल्या गॅझेटियरच्या १८८५च्या खंडात शेवटी स्थळांचं प्रकरण आहे, तिथे गड सापडतो. फक्त नावं सगळी धरून शोधावं लागतं : परळी, सज्जनगड, आणि १७०० साली औरंगजेबाने घेतल्यावरचं नवरसतारा.

माझे प्रश्न असे. सुधागडची परळी जुन्या गॅझेटियरांत कुठे शोधायची? स्थळांच्या प्रकरणात मोठी गावंच घेतलेली असतात, मग लहान गावांची यादी कुठे मिळेल? आणि स्कॅन प्रतींत शोध घेताना इंग्रजी स्पेलिंगमुळे फार घोळ होतो. ‘ळ’ आणि ‘ल’ तिथे एकच, त्यामुळे केरळातल्या पालक्काडजवळचं पर्लीसुद्धा समोर येऊन उभं राहतं. यावर कुणी काही उपाय काढलाय का?

---

प्रतिसाद :

कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटियरचा १८८३चा खंड चाळून परळी दिसली नाही, तर लगेच ती बाद करू नका. सुधागडचा भाग तेव्हा कुलाब्यात नव्हताच. तो भोरच्या पंतसचिवांकडे (तिथल्या संस्थानिकांकडे) होता, आणि भोर ही सातारा जहागिरींपैकी एक. १९४८ला संस्थान विलीन झाल्यावर तो कुलाबा जिल्ह्यात आला. म्हणून जुन्या पुस्तकांत ‘भोर’ या नोंदीखाली बघा, आणि कुलाब्याचं १९६४चं सुधारित गॅझेटियर घ्या. दुसरी अडचण अशी की कागदावर कुणी पेन्सिलीने ‘सातारा’ लिहिलं असेल, तर तेवढ्याने निकाल लागत नाही. जहागीर धरली तर दोन्ही परळ्या साताऱ्याच्याच!

लहान गावांसाठी १९५१पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिका उत्तम. त्यात तालुकावार गावांची नावं आहेत. एकट्या परळीवर थांबू नका, शेजारची पाच-सहा गावं टिपून घ्या आणि तीच कागदात दिसतात का बघा. स्कॅनमध्ये शोधताना मीही गावाऐवजी शेजारचा गड किंवा नदी टाकतो. कचरा बराच कमी होतो.

मापं काय लिहिलीत? खंडी हे धान्याचं माप, पण कोकणातली खंडी आणि घाटावरची खंडी सारखी नसे. आणि मिठाच्या त्या ओळीत बैलांची संख्या आहे की रुपये-आणे? मीठ किनाऱ्यावरून घाट चढून वर जायचं. आकडा जकातीचा असेल तर घाटवाटेवरचं ठाणं, खरेदीचा असेल तर घाटावरचं गाव जास्त संभवतं.

---

धागाकर्ती :

भोरचं अजिबात डोक्यात नव्हतं, मनापासून आभार! मिठापुढे रुपये नाहीत, नुसता आकडा आणि त्यापुढे एक फराटा आहे. तो ‘दर बैली’ (दर बैलामागे) असा वाचावा का, हे ठरत नाहीये. त्या ओळीचा फोटो खाली देते. मोडी नियमित वाचणाऱ्यांनी कृपया बघा.